शेवट ठाऊक असूनही

कर्ण मरणार, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. चाक रुतणार, ऐन वेळी विद्या आठवायची नाही, अर्जुनाचा बाण लागणार. हे सगळं शाळेत जायच्या आधीच कानावर पडून गेलेलं असतं. तरीही 'मृत्युंजय'चा शेवट जवळ आला की वाचणाऱ्याचा घसा दाटतो आणि पान उलटायला हात धजत नाही. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहाजणांच्या तोंडून ती कर्णाची कहाणी सांगते. मी जिथून पुस्तकं आणत आले, त्या वाचनालयातली तिची प्रत दोनदा बांधून घेतलेली आहे. कणा कापडी, आत तारखांची पिवळी चिठ्ठी, आणि तिच्यावर जागा उरली नाही म्हणून वर चिकटवलेली दुसरी. पुस्तकावर काही लिहू नये अशी सूचना आत छापलेली आहे, आणि तरी समासात पेन्सिलीनं वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं आहे. कुणी कुंतीवर चिडलंय. वृषालीच्या भागाशेजारी कुणी शब्द न लिहिता नुसती उभी रेघ ओढलीय. शेवटच्या पानावर एकानं लिहिलंय, 'कर्णावर अन्याय झाला.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'खरं आहे.'

समीक्षेच्या ग्रंथांत असल्या शेऱ्यांना जागा मिळत नाही. या प्रकरणाचा विषय मात्र तेच वाचक आहेत. ज्यांना वाङ्मयप्रकार, निवेदनतंत्र वगैरे ठाऊक नाही, जे दुपारी कामं आटोपल्यावर किंवा रात्रपाळीनंतर वाचतात, पुस्तक परत करताना 'लई रडवलं हो ह्यानं' एवढंच म्हणतात आणि पुढचं घेऊन जातात. हे वाचक कशानं हलतात, का हलतात, आणि नेमके त्याच पानावर का हलतात, हे समजून घ्यायचं तर बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके फार चांगले. इथं एका बाजूला कालव्याचं पाणी आहे, दुसऱ्या बाजूला माळरान, आणि तिसऱ्या बाजूला धरणाखाली गेलेली गावं.

कर्णासाठी बारामतीत डोळे भरून येणं सावंतांपासून सुरू झालेलं नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे, पण आयुष्य काढलं बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठी आजही उभा आहे. पंत पुराण सांगत, आणि याच गावात राहून त्यांनी अख्खं महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणलं, कर्णपर्वासकट. त्यांची भाषा जड, यमकांनी गच्च भरलेली. ती सरळ वाचून सगळ्यांना कळत असेल असं नाही. पण पुराणाला पुराणिक असतो. तो ओवी किंवा आर्या म्हणतो, अर्थ उलगडतो, थांबतो, ऐकणाऱ्यांकडं बघतो. खेड्यापाड्यांत हेच काम श्रीधराच्या 'पांडवप्रतापा'नं आणि 'हरिविजया'नं केलं. श्रावणात देवळात पोथी लागायची. अभिमन्यू पडायचा अध्याय आला की वाचणाऱ्याचाच आवाज कापायचा, बायका पदर डोळ्यांना लावायच्या, म्हातारी माणसं 'अरेरे' म्हणायची. त्यात कुणाला संकोच वाटत नव्हता, कारण रडणारा एकटा नव्हता.

छापील कादंबरी आली आणि हे रडणं एकट्याचं झालं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' पत्र काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः दिलं. यमू नावाची एक मुलगी स्वतःची हकिगत स्वतः सांगते; लग्न, सासर, वैधव्य, आणि शेवटी तिच्यावर झालेली केशवपनाची बळजबरी. तिचा शेवट वाचकाला पुराणातून ठाऊक नव्हता, पण शेजारच्या घरातून ठाऊक होता. आता मध्ये पुराणिक नव्हता. थांबायचं कुठं, उसासा कुठं टाकायचा, हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. माझ्या मते मराठी वाचकाच्या आयुष्यातला हा फार मोठा बदल आहे, आणि आपण त्याकडं पुरेसं लक्ष दिलेलं नाही. एसटीत खिडकीशी बसून रणजित देसाईंची 'स्वामी' कादंबरी वाचणारी बाई डोळ्यांत धूळ गेल्याचं निमित्त करते. तिच्या पणजीला पोथीच्या वेळी असं निमित्त शोधावं लागलं नव्हतं.

ठाऊक असलेल्या शेवटाची धाकधूक का वाटते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी तपासून पाहिलं. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले हे तिकडं पोराटोरांनाही माहीत असतं. गेरिगनी वाचकांना अशा छोट्या गोष्टी दिल्या, ज्यांत ते होईल की नाही अशी शंका उभी केली होती. मग 'वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, खरं की खोटं?' असं विचारलं. गोष्ट वाचलेल्यांना 'खरं' म्हणायला जास्त वेळ लागला. माहिती डोक्यात होती, पण गोष्टीत शिरलेलं मन ती लगेच हाताशी घेत नव्हतं. आपल्या कर्णाचं हेच होतं. चाक या वेळी तरी निघेल, अशी आशा वाचणाऱ्याच्या मनात प्रत्येक वाचनाला नव्यानं तयार होते, आणि प्रत्येक वेळी ती मोडते.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. कर्ण निदान आपल्या परंपरेतला. पण ज्या माणसाचा कधी जन्मच झाला नाही, लेखकानं टेबलाशी बसून ज्याला तयार केलं, त्याच्यासाठी आपण का रडावं? इंग्लंडमधले तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ मध्ये टॉलस्टॉयच्या अ‍ॅना कॅरेनिनाचं उदाहरण घेऊन हा प्रश्न मांडला. अ‍ॅना खोटी आहे हे पक्कं माहीत असताना तिच्या मरणानं हळहळणं हे तर्काला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तत्त्वज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

मराठीत या प्रश्नाला त्याच्या कितीतरी आधी उत्तर देऊन झालं होतं. न. चिं. केळकर १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तिथं त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राच्या जागी जाऊन बसतो, त्याचं सुखदुःख भोगतो. पण योग्याच्या समाधीत जसा 'मी' उरत नाही, तसं इथं होत नाही. आपण आपल्या घरात आहोत, चुलीवर दूध आहे, हे भान शिल्लक असतं. दोन ठिकाणी एकाच वेळी असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे, असं केळकरांचं म्हणणं. दुःखाची गोष्ट माणूस पैसे मोजून का वाचतो, याचा उलगडा यातून होतो. कर्णाचं दुःख भोगूनही आपण कर्ण नसतो.

केळकरांचं उत्तर मला पटतं, पण पुरत नाही. समाधी लागते हे खरं. मात्र ती कुणाला कुठल्या पानावर लागेल, हे लेखकाच्या हाती नसतं. ते वाचणाऱ्याच्या आयुष्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हे मला कळलं ते आमच्या अण्णांमुळं.

अण्णा माझे थोरले चुलते. चौथीपर्यंत शिकलेले, पेपराचे मथळे वाचायचे, पुस्तक कधी हातात धरलं नाही. सुट्टीत मी ओसरीवर आनंद यादवांची 'गोतावळा' वाचत बसले होते. १९७१ची कादंबरी. धन्याच्या मळ्यात राबणारा नारबा, मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि मग मळ्यात ट्रॅक्टर येतो. अण्णा म्हणाले, "मनातल्या मनात काय वाचतीस? मोठ्यानं वाच की." मी वाचायला लागले. बोली कागलकडची, आमच्यापासून खूप लांबची, पण अण्णांना एक शब्द अडला नाही. 'हां', 'बराबर हाय', 'आसंच आस्तंय' अशी त्यांची साथ चाललेली. तळहातावर तंबाखू आणि चुना मळणं चालू. जनावरं मळ्यातून एकेक जायला लागली तसा त्यांचा अंगठा थांबला. मी वाचतच होते. मध्येच त्यांनी विचारलं, "कोणच्या बाजाराला न्हेली?" पुस्तकात ते कुठं लिहिलंय हे मी मागची पानं चाळून शोधायला लागले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मळलेली तंबाखू तशीच खाली झटकली आणि गोठ्याकडं गेले. गोठ्यात तेव्हा एक म्हैस होती. बैलांची दावण रिकामी होऊन बरीच वर्षं झाली होती.

परत आल्यावर म्हणाले, "आपला सर्जा इकला तवा मी बाजारात गेलोच न्हवतो. तुझ्या बापाला धाडलं. मला बघवंना."

घरात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. आमच्या लेखी बैल विकला तो अण्णांनीच, आणि ट्रॅक्टर भाड्यानं आणायला लागल्यावर सगळ्यांत खूश तेच होते.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात अशी दावण घराघरांत रिकामी झालेली आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, पाण्यामागून ऊस आला, उसामागून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले, आणि पैशामागून यंत्रं आली. या सगळ्याचं कौतुक आपण करतो आणि ते योग्यच आहे; पाणी नसलेल्या गावात राहिलेल्या माणसाला ते विचारून बघावं. पण या बदलात जे गेलं त्याच्यासाठी रडायला जागा नव्हती. सभेत ते बोलता येत नाही, घरात बोललं तर पोरं हसतात. नारबाच्या निमित्तानं अण्णांना ती जागा मिळाली. रॅडफर्डसाहेबांना मी एवढंच म्हणेन, की अण्णा खोट्या माणसासाठी रडले नाहीत. सर्जा खरा होता.

कुठल्या पानावर हलायचं ते वाचणाऱ्याचं आयुष्य ठरवतं, याला संशोधनाचा आधारही आहे. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी २००० साली, माणूस गोष्टीत किती 'वाहून जातो' हे मोजायची एक प्रश्नावली तयार केली: चित्र डोळ्यांपुढं उभं राहिलं का, आसपासचं भान सुटलं का, भावना हलल्या का. पुढं ग्रीन यांना असं दिसलं की गोष्टीतल्या जगाची आधीपासून ओळख असलेले वाचक त्या गोष्टीत अधिक खोल जातात. साहित्यिक कथा वाचल्यानं दुसऱ्याच्या मनातलं जास्त चांगलं ओळखता येतं, असाही दावा २०१३ मध्ये डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्तानो यांनी 'सायन्स' या नियतकालिकात केला होता. तो जगभर गाजला, पण इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तसा निकाल मिळाला नाही. म्हणून मी तो दावा पुढं रेटणार नाही. कादंबरी वाचून अण्णा बदलले नाहीत. त्यांनी एक गोष्ट सांगितली, इतकंच. मला तेवढं पुरेसं वाटतं.

भावस्पर्शी म्हटलं की आपण फक्त डोळ्यांतलं पाणी धरतो. इंदापूरच्या भीमेकाठी वेगळं दिसतं. माझं आजोळ त्या बाजूचं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. बांध सोलापूर जिल्ह्यात, पण त्याच्या मागं साठलेलं पाणी इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरलं आणि काठची गावं उठली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. भिगवणला रोहित पक्षी बघायला येणारे लोक तिकडंही फोटो काढायला जातात. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ मध्ये आली, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी उजनीवर नाही. त्यातलं धरण वेगळं, माणसं वेगळी. पण पुनर्वसनाची कचेरी, 'उद्या या' म्हणणारा कारकून, वाटप झालेली खडकाळ जमीन, नव्या गावात पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं; हे कुठल्याही धरणग्रस्ताला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या मामीनं ती वाचली, पण सलग नाही. दोन पानं झाली की पालथी ठेवायची, भाकरी थापायला बसायची, परत उचलायची. रडली नाही. संतापत गेली. मध्येच कुणाला तरी शिव्या द्यायची, आणि ती कादंबरीतल्या माणसाला देतेय की तालुक्याच्या गावच्या कुणाला, हे आम्हाला कळायचं नाही. पुस्तक संपल्यावर तिनं एकच विचारलं, "ह्याला आमचं कसं कळलं?" मराठी वाचकानं लेखकाला दिलेली याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं इथं आणखी एक आहे: त्यांतल्या जागा वाटेवरच्या आहेत. इंदापूरहून पुण्याला जाणारी गाडी सोलापूर रस्त्यानं थेऊर फाट्यावरून जाते. थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव पेशवे क्षयानं गेले, वय अवघं सत्तावीस, आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंच्या 'स्वामी'चा (१९६२) शेवट तोच. 'स्वामी' वाचलेली बाई त्या फाट्यावर गाडी थांबली की तिथल्या चिंतामणी गणपतीला हात जोडते, आणि रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहत नाही. 'छावा'चंही तसंच. सावंतांची ही कादंबरी १९७९ची. संभाजीमहाराजांना संगमेश्वराला धरल्यावर बहादूरगडाला आणलं, तो पेडगावचा किल्ला दौंड तालुक्यासमोर भीमेच्या पलीकडच्या काठावर. वध झाला ११ मार्च १६८९ला, तुळापूरला, तेही भीमेच्याच काठी. उजनीत साठतं ते पाणी या दोन्ही जागांवरून खाली आलेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये या कादंबरीवरचा चित्रपट आला, तेव्हा चित्रपटगृहांत माणसं हमसून रडताना सगळ्यांनी पाहिली. काही जाणत्यांना ते अतिरेकी वाटलं. मला त्यात श्रावणातली पोथी दिसली: शेवट सगळ्यांना माहीत, आणि रडायला शेजारी माणसं.

रडवणारं प्रत्येक पुस्तक चांगलं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. संकटावर संकट रचत जाणारी, दर दहा पानांनी एक मरण घालणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती वाचतानाही डोळे भरतात, आणि आठवड्यानं त्यातल्या माणसाचं नावसुद्धा आठवत नाही. माझी कसोटी हीच आहे. पुस्तक मिटल्यावर लक्षात काय राहतं, आपलं रडणं की तो माणूस? भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगाची टर उडवत असतो, कशाचंच काही वाटून घेत नाही. मग त्याची धाकटी बहीण मनी जाते. लेखक आपल्याला रडा म्हणत नाही, पांडुरंगालाही धड रडता येत नाही, आणि म्हणूनच ती पोरगी वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. धाकटं भावंड गेलेल्या एका मैत्रिणीनं 'कोसला' तिथंच सोडली. पुढं वाचली नाही. तिनं ती अर्धवट वाचली असं म्हणायला मी तयार नाही.

जिरायती गावांतल्या वाचकांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) अशीच मनातून न जाणारी आहे. माणदेशातली धनगरवाडी, नवा शाळामास्तर, कारभारी, आनंदा रामोशी, आणि शेवटी दुष्काळानं मेंढरं घेऊन रिकामी होणारी वाडी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं आमच्या भागात अजून आहेत. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीत आली की मेंढ्यांचं रिंगण होतं, ते डोळे भरून बघणारीही हीच माणसं. त्यांना 'बनगरवाडी'चं शेवटचं प्रकरण वाचून दाखवा. करुण, भावोत्कट असलं ते काही म्हणणार नाहीत. त्या साली कोण कुठं गेलं, कोण परत आलं आणि कोण आलं नाही, हे सांगायला लागतील.

ज्यांना कादंबरी वाचायची सवय नाही आणि जाडजूड पुस्तकाची भीती वाटते, त्यांनी 'बनगरवाडी'पासूनच सुरुवात करावी. पुस्तक लहान आहे, भाषा साधी आहे, एका सुट्टीच्या दिवसात होतं. मग 'गोतावळा', आणि त्यानंतर 'झाडाझडती'. आणि घरात वाचता न येणारं, किंवा आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून वाचन सुटलेलं कुणी असेल, तर रोज पाच पानं मोठ्यानं वाचून दाखवा. मध्येच ते बोलायला लागले तर पुस्तक बाजूला ठेवा आणि ऐका.